‘विष आढळले नाही’ आणि ‘विष नव्हते’

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या महिन्यात आपल्या पहिल्या पानावर एका विवाहितेच्या मृत्यूची बातमी होती. मथळा होता, ‘व्हिसेऱ्यात विष नाही’. (व्हिसेरा म्हणजे शवविच्छेदनाच्या वेळी तपासणीसाठी काढून घेतलेले अवयव.) आतल्या मजकुरात प्रयोगशाळेच्या अहवालातले एक वाक्य मराठी करून दिले होते : ‘सर्वसाधारण व विशिष्ट रासायनिक तपासणीत प्रदर्श क्रमांक १, २ व ३ मध्ये कोणतेही विष आढळून आले नाही.’ हे वाक्य माझ्या चांगल्या ओळखीचे आहे. नोकरीच्या ३२ वर्षांत मी ते किती वेळा लिहिले आणि त्याखाली किती सह्या केल्या, याची मोजदाद नाही. त्यातला प्रत्येक शब्द तोलून ठेवलेला असतो. मथळ्यातून ‘आढळून’ हा शब्द गेला आणि वाक्याचा अर्थच फिरला. त्याच संध्याकाळी आमच्या सोसायटीच्या बाकावर ‘म्हणजे पोरीला काही दिलंच नव्हतं, आईबाप उगाच आरोप करत होते’ हे बोलणे मी माझ्या कानांनी ऐकले. ती मुलगी माझ्या नात्यातली नाही. तिच्या मृत्यूचे खरे कारण मला ठाऊक नाही आणि त्या खटल्याबद्दल मला काही म्हणायचेही नाही. पण त्या गळलेल्या शब्दामुळे मला रात्री झोप लागली नाही, म्हणून हे पत्र. जरा लांबेल, पण शक्य तेवढे छापावे.

जीवरसायनशास्त्रात एम.एस्सी. करून मी राज्याच्या न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळेत लागले. आधी काही वर्षे रक्ताचे डाग तपासणाऱ्या विभागात होते, नंतर निवृत्तीपर्यंत विषशास्त्र विभागात. निवृत्तीच्या वेळी माझे पद सहायक रासायनिक विश्लेषक असे होते. पोलीस ठाण्यांत आमचे नाव आजही ‘सी.ए.’, म्हणजे केमिकल अनालायझर. ‘मुद्देमाल सी.ए.ला पाठवलाय’, ‘सी.ए. आला का?’ ही रोजची भाषा. नाव इंग्रजांच्या काळातले आहे. मद्रासेत अशी प्रयोगशाळा १८४९ साली निघाली, मुंबईत १८७० साली. आज कलिन्याला मुख्यालय आहे आणि नागपूर, पुणे, छत्रपती संभाजीनगर, नाशिक, अमरावती, नांदेड, कोल्हापूर इथे प्रादेशिक प्रयोगशाळा आहेत.

माझे काम कळले की लोक प्रश्न विचारतात. लग्नाच्या पंगतीत, रेल्वेच्या डब्यात, गणपतीच्या आरतीनंतर. ‘तुम्ही प्रेतं फाडता का हो?’ हा पहिला. शवविच्छेदन डॉक्टर करतात, त्यांचे शास्त्र न्यायवैद्यक. आमच्याकडे प्रेत येत नाही. बरण्या येतात, कपडे येतात, माती येते, चाकू-कोयते येतात. लग्नानंतरच्या पहिल्या संक्रांतीला माझ्या चुलत सासूबाईंनी मला वाण लुटण्याआधी पुन्हा एकदा हात धुऊन यायला सांगितले होते. मी धुऊन आले. त्यांच्या मनात किळस होती, पण भीती त्याहून मोठी होती, हे मला तेव्हाही कळत होते. पुढे त्याच सासूबाई प्रत्येक सुट्टीत मला शेजारी बसवून ‘या खेपेला काय आलं होतं गं?’ असे विचारू लागल्या. मी गावाचे, माणसाचे नाव न घेता सांगत असे. लोकांचे कुतूहल मला कधीच वावगे वाटले नाही. ज्या कामावर माणसाचा जन्मठेपेचा किंवा सुटकेचा निकाल टेकलेला असतो, ते काम कसे चालते हे विचारायचा लोकांना हक्कच आहे.

तर ती बरणी. शवविच्छेदन करणारे डॉक्टर जठर आतल्या ऐवजासकट काढून घेतात, लहान आतड्याचा तुकडा, यकृत आणि प्लीहा यांचे तुकडे, दोन्ही मूत्रपिंडांचे अर्धे अर्धे भाग, आणि वेगळ्या बाटलीत रक्त. यालाच व्हिसेरा म्हणतात. रुंद तोंडाच्या बरण्यांत मिठाचे संपृक्त द्रावण असते, म्हणजे साधे खायचे मीठ, पाण्यात आणखी विरघळेनासे होईपर्यंत घातलेले. लोणच्यात मीठ जे काम करते तेच इथे. वापरलेल्या त्या मिठाच्या पाण्याचा कोरा नमुनाही सोबत यावा लागतो, नाहीतर जे सापडले ते शरीरातले की मिठातले, असा प्रश्न उद्या कोणी विचारला तर उत्तर राहत नाही. बरणीच्या तोंडाला कापड, त्यावर दोरा, त्यावर लाख आणि लाखेवर मोहोर. त्याच मोहोरेचा ठसा पोलिसांच्या पत्रावर. दोन्ही ठसे ताडून पाहिल्याशिवाय बरणी आत घेतली जात नसे. ती घेऊन येणारा हवालदार पहाटेच्या एसटीने निघालेला असायचा, सगळा वेळ खोका मांडीवर धरून. पत्रात एक सही राहिली म्हणून त्याला तसाच परत पाठवताना माझ्या जिवावर येई. तरी पाठवत असू. मोहोर सैल सोडली तर सगळेच सैल.

बरणी उघडली की आधी वास येतो. कीटकनाशकांचा लसणासारखा उग्र वास बऱ्याचदा दारातूनच कळायचा. पण वासावर अहवाल लिहिता येत नाही. धान्यात ठेवायच्या गोळ्यांचा संशय असेल, तर ऐवजात आम्ल घालून निघणाऱ्या वाफेवर सिल्व्हर नायट्रेटने भिजवलेला कागद धरायचा. फॉस्फिन वायू असला तर तो काळा पडतो. मात्र कुजलेल्या ऐवजातून निघणारा हायड्रोजन सल्फाइडही त्याला काळा करतो, म्हणून शेजारी लेड ॲसिटेटचा दुसरा कागद लावायचा, तो हायड्रोजन सल्फाइडने काळा पडतो, फॉस्फिनने नाही. दोन्ही काळे झाले, तर त्या काळेपणावरून काहीच लिहायचे नाही. धोतऱ्यासाठी एक जुनी चाचणी आहे, ती जमून आली की जांभळा रंग येतो. आर्सेनिकसारख्या धातूंसाठी तांब्याची पट्टी ऐवजात उकळायची, पट्टी काळवंडते का ते पाहायचे. ती १८४१ सालची पद्धत मी नोकरीला लागले तेव्हाही शिकवली जात होती. अर्क काढायची जी पद्धत शिकलो, ती तर १८५० साली बेल्जियममध्ये स्टास नावाच्या रसायनशास्त्रज्ञाने निकोटिनने झालेल्या एका खुनाचा छडा लावताना वापरलेली.

मला सर्वांत प्रिय होती ती काचेची पट्टी. तिच्यावर सिलिका जेलचा पातळ थर. खालच्या कडेला बरणीतल्या ऐवजाच्या अर्काचा एक ठिपका आणि त्याच्या शेजारी आम्हाला माहीत असलेल्या कीटकनाशकांचे ठिपके : मोनोक्रोटोफॉस, क्लोरपायरिफॉस, डायमेथोएट, असे. पट्टी द्रावकात उभी केली की द्रावक थरातून वर चढत जातो आणि प्रत्येक पदार्थ आपापल्या उंचीवर थांबतो. नंतर तिच्यावर रसायन फवारले की ठिपके रंग धरतात. अर्कातला ठिपका मोनोक्रोटोफॉसच्या शेजारी, त्याच उंचीवर, त्याच रंगात उमटलेला दिसला की माझा हात थबकायचा. कापसाच्या हंगामात असे दिवसामागून दिवस. बाजूच्या पत्रावर वय लिहिलेले असते. २४. ३१. १७. मग यंत्रांवर, गॅस क्रोमॅटोग्राफ आणि मास स्पेक्ट्रोमीटरवर, खात्री करायची आणि लिहायचे : आढळून आले.

लिहिले तरी ते कोणी दिले, मृताने स्वतः घेतले की चुकून शरीरात गेले, हे त्यात नसते. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करता करता कितीतरी शेतकरी आणि शेतमजूर दगावले. त्यांनी काही प्यायलेले नव्हते. विष त्यांच्या कातडीतून आणि श्वासातून गेले होते. आमच्या पट्टीवरचा ठिपका तिन्ही वेळी सारखाच दिसतो.

आणि काहीच उमटले नाही तर? इथेच मथळ्याचा घोटाळा होतो. मृत माणूस रुग्णालयात चार दिवस होता, सलाइन लागले, पोट धुतले गेले, शरीराने विषाचे विघटन करून ते लघवीवाटे बाहेर टाकले, आणि मग मृत्यू झाला. आमच्याकडे त्या चौथ्या दिवसाचे जठर येते. पहिल्या तासात पोटातून काढलेले पाणी हेच खरे मोलाचे असते, ते बहुतेक वेळा मोरीत गेलेले असते. कधी बरणीचे झाकण सैल असते आणि वायुरूप विष वाटेतच उडून जाते. कधी मिठाच्या पाण्याऐवजी फॉर्मालीन घातलेले असते. सूक्ष्मदर्शकाखाली पेशी पाहायच्या असतील तर फॉर्मालीन ठीक, पण विष शोधायला ते घातक. कधी प्रेत पार कुजलेले असते. साप चावून माणूस गेला तरी व्हिसेऱ्याच्या नेहमीच्या रासायनिक तपासणीत काही सापडत नाही, कारण सापाचे विष हे प्रथिन असते, त्याचा शोध वेगळ्या पद्धतीने आणि दंशाच्या जागेवरून घ्यावा लागतो. तरी सर्पदंशाच्या नुकसानभरपाईच्या कागदांत ‘व्हिसेरा निरंक’ म्हणून शेरा मारून प्रकरण परत आल्याचे मी पाहिले आहे. आणि कधी खरोखरच विष नसते. अहवालातले वाक्य या सगळ्या शक्यतांना सारखेच लागू पडते. म्हणून तिथे ‘आढळून आले नाही’ असे असते. ‘नव्हते’ असे लिहायचा अधिकार आम्हाला नाही आणि तो आम्हाला नको.

नोकरीत असताना नातेवाइकांना भेटण्याची मुभा नव्हती. अहवाल पोलिसांकडे किंवा न्यायालयाकडे जातो, आणि ते योग्यच आहे. पण निवृत्तीनंतर माझ्या माहेरच्या गावात हरिनाम सप्ताह होता, तिथे एक बाई मला शोधत आल्या. गळ्यात तुळशीची माळ, हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत जपून ठेवलेली अहवालाची झेरॉक्स. त्यांचे यजमान विहिरीत पडून गेले होते आणि प्रेत पाचव्या दिवशी वर आले. अहवालात इथाइल अल्कोहोलचा एक आकडा होता. त्या आकड्यावरून दारूच्या नशेत पडले असे कोणीतरी ठरवले आणि मदतीचे प्रकरण अडकले. पैशाचे दुःख त्या बोलल्याच नाहीत. म्हणाल्या, ‘ताई, चाळीस वर्षं वारी केली त्यांनी. आमच्या घरात दारूचा थेंब आला नाही. आता दिंडीतली माणसं माझ्याकडं बघून गप्प होतात.’ मी त्यांना पारावर बसवून सांगितले की प्रेत कुजू लागले की शरीरातल्या साखरेवर जंतू वाढतात आणि तेच अल्कोहोल तयार करतात. ताक शिळे झाले की आंबते, तसे. पाच दिवस पाण्यात राहिलेल्या देहात थोडे अल्कोहोल सापडणे यात नवल नाही. तेवढ्यावरून ते प्यायले होते असे म्हणता येत नाही. त्या रडल्या नाहीत. झेरॉक्सची घडी घातली आणि म्हणाल्या, ‘हे यावर लिहिलं का नाही?’

मला उत्तर देता आले नाही. आमचे अहवाल न्यायालयासाठी लिहिलेले असतात, एका पानाचे, आकडे आणि एक-दोन वाक्ये. वाचणाऱ्याला अर्थ समजावण्याची जागा त्यात नसते. ती जागा साक्षीच्या पिंजऱ्यात असते, पण तिथे आम्हाला क्वचित बोलावतात. कायद्याने सरकारी विश्लेषकाचा अहवाल तो स्वतः हजर न राहताही पुराव्यात घेता येतो. आधी फौजदारी प्रक्रिया संहितेचे कलम २९३ होते, आता त्या जागी आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे ३२९. न्यायालयाला वाटले तर साक्षीला बोलावता येते. ही सोय नसती तर आम्ही रोज कुठल्यातरी जिल्ह्याच्या न्यायालयात बसलेले असतो आणि बरण्या तशाच राहिल्या असत्या, हे खरे. पण त्या बाईंच्या प्रश्नानंतर मला वाटू लागले की अशा अहवालाच्या खाली साध्या भाषेत चार ओळी असाव्यात : हा आकडा कशाने येऊ शकतो आणि यावरून काय म्हणता येत नाही. नव्या पिढीतल्या माझ्या सहकाऱ्यांना मी हे बोलून दाखवले आहे.

मला प्रत्यक्ष साक्षीला बोलावले, त्यातला एक दिवस विसरता येत नाही. एका गावात रात्रीच्या जेवणानंतर घरातले तिघे आजारी पडले, त्यांतला एक लहान मुलगा तीन दिवसांनी गेला. आमच्याकडे त्याचा व्हिसेरा आला आणि त्यात काही आढळले नाही. न्यायालयात पंच सांगत होते, आम्ही पोहोचलो तेव्हा भांडी घासून पालथी घातलेली होती, जमीन सारवलेली होती, ओकारीची फडकी धुऊन वाळत होती. कोणी लपवाछपवी केली नव्हती. मयताच्या घरी माणसे येणार, म्हणून शेजारच्या बायकांनी मायेने घर आवरले होते. आपल्याकडे दुःखाच्या घरात असेच धावून जातात. पातेल्याच्या तळाशी चिकटलेली एक चमचाभर आमटी राहिली असती, तर मला काहीतरी सांगता आले असते, निदान जेवणात विष होते की नव्हते एवढे तरी. मुलाचा बाप माझ्याकडे पाहत होता. बचाव पक्षाच्या वकिलांनी विचारले, ‘तुमच्या अहवालाप्रमाणे मृताच्या शरीरात विष नव्हते, हे खरे ना?’ मी म्हटले, ‘विष आढळले नाही.’ त्यांनी प्रश्न पुन्हा विचारला, मी तेच उत्तर पुन्हा दिले. न्यायाधीशांनी माझे शब्द जसेच्या तसे उतरवून घ्यायला सांगितले. त्या बापाला त्यातून काय मिळाले, मला माहीत नाही.

हा फरक मला नोकरीच्या पहिल्याच वर्षी रक्ताच्या विभागात शिकवला गेला होता. वाळलेल्या डागातून रक्तगट काढताना ‘ए’ नाही, ‘बी’ नाही, म्हणून ‘ओ’ लिहून टाकायचा मोह होतो. आमच्या वरिष्ठांनी सांगितले की तसे लिहायचे नाही. ‘ओ’ गटाच्या रक्तावर ‘एच’ नावाचा घटक असतो, तो प्रत्यक्ष दिसला तरच ‘ओ’. कारण ज्यांच्या रक्तात ए, बी आणि एच यांपैकी काहीच नसते, अशी माणसे आहेत, आणि ती सापडली आपल्या मुंबईतच. डॉ. य. म. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५२ साली तो गट जगापुढे मांडला, म्हणून त्याला बॉम्बे रक्तगट म्हणतात. आता डीएनए आल्यामुळे डागावरून रक्तगट काढण्याला फारसे महत्त्व उरलेले नाही. पण ती शिकवण मी विषाच्या विभागात घेऊन गेले आणि तिथेच ती जास्त उपयोगी पडली.

त्याच विभागात मी लाल डागांचे कितीतरी कपडे पाहिले. काही डाग पानाच्या पिंकेचे निघाले, काही कुंकवाचे, काही बोकडाच्या रक्ताचे. आणि कितीतरी खऱ्या रक्ताचे डाग हातात येईपर्यंत मेलेले होते. पावसाळ्यात भिजलेला सदरा तसाच प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंबून, गाठ मारून, महिन्याने आमच्यापर्यंत यायचा. पिशवी सोडली की आत हिरवी-काळी बुरशी. त्या बुरशीने आणि जंतूंनी डीएनए खाऊन टाकलेले असते. सदरा सावलीत वाळवून साध्या कागदात गुंडाळला असता, तर तोच डाग वर्षानंतरही बोलला असता.

लोक आणखी एक प्रश्न फार विचारतात : कोणते विष सापडत नाही? नातेवाइकांनी विचारले, विद्यार्थ्यांनी विचारले, मालिका लिहिणाऱ्या एका गृहस्थांनी फोन करून विचारले. त्याचे उत्तर मी कोणालाही दिलेले नाही आणि देणार नाही. नार्को चाचणीबद्दलही विचारतात. ते आमच्या बरण्यांचे काम नाही. एवढे मात्र सर्वांना ठाऊक असावे की सर्वोच्च न्यायालयाने २०१० साली सेल्वी खटल्यात, माणसाच्या संमतीशिवाय त्याची नार्को, पॉलिग्राफ किंवा ब्रेन मॅपिंग चाचणी करता येणार नाही, असा निर्णय दिलेला आहे.

‘पैसे देऊन अहवाल बदलता येतो का?’ हा प्रश्न लोक आवाज खाली आणून विचारतात. मी माझ्यापुरते सांगते. बरणीला प्रयोगशाळेचा क्रमांक पडतो, आमच्या कामाच्या वहीत प्रत्येक चाचणी तारखेनिशी लिहिलेली असते, ती वही न्यायालय मागवू शकते. मला कधी कोणाचा फोन आला नाही असे नाही. दोनदा आला होता. दोन्ही वेळा मी ते त्याच दिवशी लेखी वरिष्ठांना कळवले आणि ते प्रकरण दुसऱ्या सहकाऱ्याकडे देण्यास सांगितले.

१ जुलै २०२४ पासून नवा कायदा लागू झाला आहे. सात वर्षे किंवा त्याहून जास्त शिक्षेच्या गुन्ह्यांत न्यायसहायक तज्ज्ञाने प्रत्यक्ष घटनास्थळी जावे आणि पुरावा गोळा करण्याचे चित्रीकरण व्हावे, असे नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७६ मध्ये म्हटले आहे. ते आपल्या राज्यात कधी लागू करायचे यासाठी राज्यांना पाच वर्षांची मुदत आहे. मला याचा मनापासून आनंद झाला. मी ३२ वर्षे बरणीच्या अलीकडे बसून होते, नव्या मुलामुलींना बरणीच्या पलीकडे जाता येईल. पण त्यासाठी माणसे लागतील. मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय संस्थांतून न्यायसहायक विज्ञान शिकून दरवर्षी हुशार मुले बाहेर पडतात, त्यांतली काही माझ्याकडे येतात आणि ‘जागा कधी निघणार?’ असे विचारतात. अहवालाला उशीर का होतो, या आपल्या वाचकांच्या प्रश्नाचे उत्तरही तिथेच आहे.

तोवर तज्ज्ञ पोहोचायच्या आधीचा तास घरच्यांच्या, शेजाऱ्यांच्या हातात असतो. आपल्या वृत्तपत्राकडे माझी विनंती आहे की व्हिसेऱ्याची बातमी छापताना हेही कधी चौकटीत द्यावे. विषबाधेचा संशय असेल तर माणसाला आधी रुग्णालयात न्या, आणि सोबत बाटली, पुडी, डबा जे सापडेल ते न्या. उरलेले अन्न, ओकारीचे फडके फेकू नका, धुऊ नका. भांडी तशीच राहू द्या, मयताला आलेल्या माणसांना दोन तास उष्टी भांडी दिसली तर काही बिघडत नाही. रुग्णालयात पोट धुतले तर ते पाणी राखून ठेवायला सांगा. रक्ताचे किंवा ओले कपडे प्लॅस्टिकमध्ये बांधू नका. आणि एखाद्या मुलीवर अत्याचार झाला असेल, तर तिला आंघोळ घालण्याआधी डॉक्टरांकडे न्या. आईला आधी पोरीला न्हाऊ घालावेसे वाटते, हे मी आई म्हणून समजू शकते. म्हणून हेही छापा की आंघोळ झाली असली तरी जायचेच, कपडे घेऊन जायचे, उशीर झाला म्हणून घरी बसायचे नाही.

दिवाळीच्या सुमारास माझ्या भाचीचा गावाहून फोन आला होता. त्यांच्या सालगड्याच्या मुलाने फवारणीचे औषध प्यायले होते, दहावीच्या मुलाने. ती गाडीतूनच बोलत होती. मी एवढेच विचारले, बाटली घेतलीस का? म्हणाली, ‘मावशी, मांडीवरच आहे, लाल त्रिकोण आहे हिच्यावर.’ आपल्याकडे कीटकनाशकाच्या वेष्टनावर विषारीपणाप्रमाणे लाल, पिवळा, निळा, हिरवा त्रिकोण असतो. त्यातला लाल सर्वांत जहाल. तालुक्याच्या डॉक्टरांनी बाटलीवरचे नाव वाचले आणि लगेच ॲट्रोपीन हे त्यावरचे उताऱ्याचे औषध सुरू केले. अकरा दिवसांनी तो मुलगा घरी आला. भाची म्हणते, आता शाळेत जातो, पण अजून कोणाशी फारसे बोलत नाही.

आपली,
एक निवृत्त सहायक रासायनिक विश्लेषक,
पुणे